व्हॅनिला संघातला हेर

देओग्रातियास ल्वामुगिरा याच्या मते, संगणकातले चोर हुंगून काढणारा त्याच्याइतका तिखट माणूस सरोवराकाठच्या बुकोबा शहरात दुसरा नव्हता. सरोवराच्या पलीकडच्या काठापर्यंत शोधलं तरी बहुधा सापडला नसता. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि संशय घेण्याची ताकद थेट सासूची. हे सगळं तो स्वतःच सांगे, कारण दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट पाहण्यात त्याची पस्तिशी उलटून गेली होती.

त्याची कचेरी म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अडेलाच्या, शिवणाच्या दुकानातला एक कोपरा. बाहेर पाटी होती: ‘देओ ल्वामुगिरा. संगणकातील चोर, हेर व घुसखोर यांचा कर्दनकाळ.’ खाली अडेलाने आपल्या हाताने एक ओळ घातली होती: ‘शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल.’ पोट भरत होतं ते या खालच्या ओळीवर. देओलाही ते ठाऊक होतं. मनातल्या मनात तो स्वतःला ‘सुईत दोरा ओवणारा कर्दनकाळ’ म्हणे आणि हसे. पण गिऱ्हाईक आलं की लगेच भुवया जवळ घेई.

आजवर त्याने एकच मोठं प्रकरण तडीस नेलं होतं. शाळेतल्या संगणकाचा माउस अचानक मेला, तेव्हा देओने परकीय हल्ल्याचा संशय व्यक्त करून दोन दिवस शाळा हलवून सोडली. शेवटी त्या माउसची तार खऱ्याखुऱ्या उंदराने कुरतडल्याचं निघालं. गुन्हेगार शाळेच्या मांजरीने पकडला. देओने फक्त पंचनामा केला.

अशा या माणसाला एके दिवशी मामा केमिलेम्बेंचं बोलावणं आलं. आमच्याकडे प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात. मामा बनण्याचं काम मात्र पुरुषांकडेच असतं. केमिलेम्बे या बायकांच्या व्हॅनिला संघाच्या अध्यक्ष. सरोवराकडून वर येणाऱ्या रस्त्याला संघाची पत्र्याची कचेरी होती. आत व्हॅनिलाच्या शेंगा मुरण्यासाठी घोंगड्यांत गुंडाळून ठेवलेल्या असत, आणि त्या वासाने आत गेलेला माणूस घरी परतला तरी घरचे त्याला जेवणानंतर काय गोड खाऊन आलास म्हणून विचारत.

संघाचा चिटणीस एवारिस्त मुतालेम्वा. तो आणि देओ शाळेत एका बाकावर बसलेले. एवारिस्तची तक्रार अशी होती की संघाच्या मेलवर रोज कचऱ्याचा पूर येतो. लॉटऱ्या लागतात, राजपुत्र मदत मागतात, टकलावर केस उगवून देणारे तर सकाळ-संध्याकाळ चौकशी करतात. अर्धी सकाळ पुसण्यात जाते, आणि एकदा त्या भरात एका खऱ्या गिऱ्हाइकाचा मेलही पुसला गेला होता.

देओने सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला की यावर एकच उपाय, गाळणी. संगणकात बसवायचा एक प्रोग्राम. तो दोन कामं करतो. आत येणारे मेल चाळून कचरा बाजूला काढतो. आणि संगणकातलं काहीही गुपचूप बाहेर जोडणी करू लागलं, तर त्याला दारात अडवून मालकाला विचारतो, याला जाऊ द्यायचं का? मामा केमिलेम्बेंनी विचारलं, आतलं कशाला बाहेर जाईल? देओ गूढ हसला. ‘बाहेर’ या शब्दातच ‘हेर’ दडलेला आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. देओला मराठीचा गंध नसूनही तो नेमका तिथेच पोचला होता. तो म्हणाला, हेर नेहमी आतलाच असतो.

गाळणी बसली. बसल्याबरोबर तिने पहिला प्रश्न पडद्यावर टाकला: अमुक अमुक बाहेर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचं का? खाली एक हिरवं बटण, एक लाल. त्या अमुकचं नाव अर्धं अक्षरांचं, अर्धं आकड्यांचं होतं, आणि कुठल्याही सभ्य प्रोग्रामचं असं नाव नसतं असं देओला वाटलं. खरं सांगायचं तर ते काय आहे हे त्याला अजिबात कळलं नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा लाल बटण दाबणं सोपं होतं. त्याने ते दाबलं आणि एवारिस्तला बजावलं, की संगणक चालू करशील तेव्हा हा पुन्हा विचारेल. दर वेळी लाल दाबायचं. विचार करायचा नाही.

एवारिस्त सरळ माणूस. त्याने विचार केला नाही.

परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याचा एक मेलसुद्धा आला नाही. राजपुत्र गप्प झाले, लॉटऱ्या आटल्या, टकलांना कुणी वाली उरला नाही. देओची कीर्ती बाजारात पसरली. संघाच्या बायकांनी त्याला टोपलीभर ‘सेनेने’, म्हणजे तळलेले नाकतोडे, पाठवले, आणि ते कुरकुर चावत देओ अडेलाला म्हणाला की ताई, गाळण्या पुष्कळ असतात, पण शंभर टक्के कचरा अडवणारी गाळणी जगात आजवर कुणाला जमली नव्हती. अडेला म्हणाली की मला चहाचीही अशी मिळालेली नाही, चोथा थोडा येतोच. देओने तिच्याकडे करुणेने पाहिलं.

या सुखात एकच माणूस दुःखी होता. रुगेमालिरा आजोबा हे म्हातारे निवृत्त मास्तर. संघाची जागा त्यांची, म्हणून ते संघाचे सल्लागार. सल्ला कुणी विचारत नसे. पण ते रोज सकाळी येत, एवारिस्तच्या शेजारी बसत आणि पुसण्याआधी तो कचरा मन लावून वाचत. एवढी माणसं आपुलकीने लिहितात आणि त्यांना उत्तर द्यायचं नाही, हे त्यांना माणुसकीला सोडून वाटे. त्यातल्या एका विधवेवर त्यांचा विशेष जीव होता. ती बाई कुठल्याशा दूरच्या इस्पितळात मरणाच्या दारात होती आणि आपली सगळी संपत्ती एखाद्या देवभीरू माणसाला देऊ पाहत होती. संपत्तीशी आजोबांना देणंघेणं नव्हतं. तिची तब्येत कशी आहे एवढंच ते रोज पाहत. आता तिचे मेल थांबले, तेव्हा त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि कॅथेड्रलमध्ये तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगितली. देओ भेटला की ते म्हणत, “पोरा, एकही पत्र येत नाही रे. एकही नाही.” देओ मान लववून आभार मानी.

मग शेंगा तयार झाल्या आणि खरी काळजी सुरू झाली. डेन्मार्कमध्ये आइस्क्रीम करणारी बिर्गिट नावाची बाई होती. तिने आदल्या हंगामात नमुना नेला होता आणि या वर्षी सगळा माल घेण्याचा तिचा विचार होता. ‘लवकरच मेल करते’ असं तिने कळवलं होतं. तो मेल येईना. एवारिस्तने तीनदा लिहून पाठवलं, उत्तर नाही. मामा केमिलेम्बेंनी फोन लावला, तर तिकडचं एक यंत्र डॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगून बंद पडलं. इकडे पावसाळी हवा. शेंग फार दिवस ठेवली की तिला बुरशी धरते, आणि एका शेंगेची बुरशी घोंगडीभर पसरते. दलाल रोज दारावरून चक्कर मारत होता. तो देणार होता तो भाव म्हणजे बायकांच्या वर्षभराच्या कष्टाची थट्टा होती. पण बुरशीपेक्षा थट्टा बरी, असं काहीजणी म्हणायला लागल्या होत्या.

प्रकरण देओकडे आलं. त्याने पहिला सिद्धान्त मांडला तो हवामानाचा: डेन्मार्कमध्ये बर्फ पडतं, मेल वाटेत अडकला असणार. एवारिस्तने नम्रपणे सांगितलं की मेल रस्त्याने येत नाही. देओ म्हणाला की मी तुझी परीक्षा पाहत होतो.

दुसरा सिद्धान्त टेकडीपलीकडच्या व्हॅनिला मंडळावर होता. ते लोक आपले मेल मधल्यामध्ये पळवत असणार. पुरावा गोळा करायला देओ भर दुपारी त्यांच्या शेडमागच्या केळीच्या बागेत दबा धरून बसला. निळा शर्ट घातला होता. केळीत निळा शर्ट दिसत नाही हा त्याचा समज. शेडमधल्या बायकांनी त्याला खूप वेळ पाहिलं, आणि शेवटी दया येऊन केळ्याच्या दारूचा भोपळा पुढे केला. संध्याकाळी देओ डुलत परतला तो महत्त्वाची बातमी घेऊन. त्या मंडळाकडे संगणकच नव्हता. यावरून ते किती धूर्त आहेत हे दिसतं, असं त्याने अडेलाला सांगितलं. अडेलाने त्याला लिंबूपाणी दिलं.

सकाळी डोकं दुखत असतानाच त्याला खरा धागा मिळाला. गाळणी आपण अडवलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवत असे. देओने ती उघडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. तो अर्ध्या अक्षरांचा, अर्ध्या आकड्यांचा अमुक दर काही मिनिटांनी दार ठोठावत होता. सकाळी ठोठावत होता, दुपारी ठोठावत होता. हाकललं तरी जात नव्हता, चिडत नव्हता, फक्त पुन्हा येऊन विचारत होता, जाऊ का? इतकी चिकाटी हेराशिवाय कुणात असते? आणि हा हेर फक्त एवारिस्त खुर्चीत असतानाच ठोठावत होता. एवारिस्त घरी गेला की चिडीचूप.

संगणक चालू-बंद करणारा संघात एवारिस्त एकटाच होता, तेव्हा तो नसताना काय ठोठावणार, हा विचार देओच्या मनाला शिवून गेला. पण तो फार साधा विचार होता, आणि साध्या विचारांवर देओचा विश्वास नव्हता.

दुपारी संघाच्या सगळ्या बायका कचेरीत जमल्या. दलालाची पिकअप दारात येऊन उभी होती, माल चढवायला मागचं फळकुट खाली सोडलेलं. मामा केमिलेम्बे म्हणाल्या की माल द्यायचाच असेल तर द्यायच्या आधी कळू दे, घात कुणी केला. देओने संगणक बंद केला. सगळ्यांसमोर तो पुन्हा सुरू करून हेराला रंगेहाथ दाखवायचा त्याचा बेत होता. मग तो भिंतीकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून भिंतीकडे फिरत बोलू लागला. संघाची गुपितं कोण बाहेर पाठवतंय? ज्याला गिऱ्हाइकाचं नाव ठाऊक आहे. ज्याला माल किती हे ठाऊक आहे. जो सांगितल्याबरोबर लाल बटण दाबतो आणि एका शब्दाने का म्हणून विचारत नाही. एवढा आज्ञाधारक माणूस निष्पाप असतो का?

एवारिस्तचा चेहरा राखेसारखा झाला. “देओ,” तो म्हणाला, “तूच म्हणालास ना, विचार करायचा नाही म्हणून?”

“बघा,” देओ बायकांकडे वळून म्हणाला, “सगळं लक्षात ठेवतो.”

कुणी हसलं नाही. एवारिस्तची आई संघात होती, दाराजवळ बसलेली. तिने मान खाली घातली आणि लुगड्यासारखा गुंडाळलेला कांगा डोक्यावरून पुढे ओढला. देओला ते दिसलं. क्षणभर त्याला वाटलं की आपण थांबावं. पण भाषण उताराला लागलेल्या सायकलसारखं असतं, आणि देओच्या सायकलला ब्रेक कधीच नव्हते. मामा केमिलेम्बेंनी कमरेची कचेरीची चावी काढून टेबलावर ठेवली आणि जड आवाजात एवारिस्तला म्हणाल्या, “तुझ्याकडची चावीही इथं ठेव, बाळा. शहानिशा होईपर्यंत.”

एवारिस्तने चावी ठेवली.

या सगळ्यात संगणकाकडे देओची पाठ होती, आणि एवारिस्त उठून उभा राहिल्यामुळे खुर्ची रिकामी होती. रुगेमालिरा आजोबा त्या खुर्चीत जाऊन बसले. भाषण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, आणि विधवेच्या घरच्यांपैकी कुणी शेवटचं कळवलं असेल का हे त्यांना पाहायचं होतं. पडद्यावर प्रश्न आला होता: अमुक अमुक बाहेर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचं का? आजोबांनी चष्मा पुसून तो वाचला. चाळीस वर्षं ते मास्तर होते. इतक्या अदबीने बाहेर जायची परवानगी मागणाऱ्याला त्यांनी वर्गात कधी नाही म्हटलं नव्हतं. न सोडल्यास काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. “जा, बाळा,” असं म्हणून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

संगणक टिंग वाजला. मग पुन्हा वाजला. मग देवळात घंटा बडवावी तसा वाजतच राहिला. देओ वाक्य अर्धवट टाकून वळला. पडद्यावर मेल कोसळत होते. लॉटऱ्या, राजपुत्र, केसांची तेलं, पुन्हा राजपुत्र. एवारिस्त न राहवून पुढे वाकला आणि पडद्यावरचं नाव बघत सावकाश म्हणाला की हा अमुक म्हणजे आपला मेलचा प्रोग्राम दिसतो. आत येणारा मेल आणायलाही त्यालाच बाहेर जावं लागत असणार.

म्हणजे हेर म्हणून ज्याला दाराआड कोंडलं तो टपालवाला होता. गाळणीने कचरा शंभर टक्के अडवला होता, कारण तिने सगळंच शंभर टक्के अडवलं होतं. नळ बंद केला की पाण्यात गाळ येत नाही, एवढीच ती करामत. एवारिस्तची तिन्ही पत्रंसुद्धा ‘पाठवायची’ या खणात जिथल्या तिथे बसून होती. गाळणी बसवणाऱ्याची अशी गाळण उडालेली बुकोब्याने प्रथमच पाहिली.

“जिवंत आहे!” आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. “अजून मरणाच्या दारातच आहे म्हणते. देव मोठा आहे.” मिस्सा झाली होती ती आता परत कशी घ्यायची, या चिंतेत ते लगेच पडले.

विधवेच्या खाली राजपुत्र होता, आणि राजपुत्राच्या खाली बिर्गिट. तिचे तीन मेल होते. पहिल्यात सगळा माल घेते म्हटलं होतं. दुसऱ्यात विचारलं होतं, काही चुकलं का माझं? तिसरा त्याच सकाळचा होता: आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल, फार वाईट वाटतंय. मामा केमिलेम्बेंनी तो दोनदा वाचून घेतला. मग टेबलावरची त्याची चावी उचलून एवारिस्तच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “बस. लिही.”

एवारिस्तने लिहिलं. अक्षरं चुकत होती, पुन्हा लिहीत होता. पत्र गेलं, आणि सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. बाहेर दलालाने दोनदा हॉर्न वाजवला. एकीने जाऊन त्याला सांगितलं की फळकुट लावून घे. थोड्या वेळाने टिंग झालं. बिर्गिटने एकच ओळ लिहिली होती, की बरं झालं तुम्ही आहात. बायकांनी असा काही आवाज काढला की पिकअप सुरू झालेली कुणाला ऐकू आली नाही.

त्या गडबडीत देओ बाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि तेच फार लागलं. दुकानात अडेलाने विचारलं की हेर सापडला का. तो म्हणाला, सापडला. कोण होता? देओ म्हणाला, घारीची नजर, हत्तीची स्मरणशक्ती. बाकी वर्णन तू पाटीवर वाचलंयस. अडेलाने मशीन थांबवलं आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. जा, म्हणाली, त्याच्या आईसमोर बोललास ना, मग तिच्यासमोरच जाऊन सांग.

एवारिस्तच्या अंगणात त्याची आई रात्रीच्या जेवणाची कच्ची केळी सोलत बसली होती. एवारिस्त पायरीवर होता. देओ उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला की सखोल तपासाअंती असं निष्पन्न होतं, की उपलब्ध पुराव्यांच्या आकलनात काही अंशी…

“देओ,” एवारिस्त म्हणाला, “चुकलं कोण?”

“मी.”

“मला चोर म्हणालास.”

“म्हणालो. मला ते बटण कळलं नव्हतं. कळलं नाही एवढंच म्हणायचं होतं, ते जिभेवर येईना. मग तुझं नाव आलं.”

रस्त्याने कोणी तरी सायकलवरून गेलं आणि दोघांना रामराम घालावा तसा हात हलवून गेलं. मग एवारिस्तने आईच्या शेजारचं ठोकळ्याचं आसन पायाने देओकडे सरकवलं आणि वर एक सुरी ठेवली. आमच्याकडे पुरुष केळी सोलत नाहीत. निदान अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तर नाहीच. देओने रस्त्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, आणि बसला.

त्याने मन लावून सोलायला घेतलं. चिकाने बोटं काळी झाली. ओळखीचे दोघंतिघं जाता जाता थबकले, एकाने ‘कसला तपास चाललाय?’ म्हणूनही विचारलं. देओने मान वर केली नाही. एवारिस्तच्या आईने मात्र त्याच्या पायाशी पडलेली जाड सालं उचलून पाहिली, मग त्याच्या पातेल्यात उरलेली करंगळीएवढी केळी पाहिली. दुपारपासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

“अरे,” ती म्हणाली, “काय टाकायचं आणि काय ठेवायचं, एवढं तरी कळतं का तुला?”